गहू बंद झाल्यावर प्रवास: शिदोरी, खोलीवरची चूल की खानावळ?

सिलिॲकचं, म्हणजे गव्हानं आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचं, निदान झालेल्या घरात पहिले काही महिने स्वयंपाकघर लावण्यातच जातात. डबे बदलतात, पोळपाट-लाटणं वेगळं होतं, हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली जातात. घराची घडी बसते न बसते तोवर पुण्याला कुणाचं तरी लग्न निघतं, किंवा तिरुपतीचं आरक्षण आधीच झालेलं असतं. मग घरात चर्चा सुरू होते की आता बाहेर जेवायचं काय.

कोल्हापुरातून निघणाऱ्या माणसापुढे तीन वाटा असतात. सगळं घरून बांधून न्यायचं, मुक्कामाच्या ठिकाणी स्वतः शिजवायचं, नाहीतर बाहेर पारखून खायचं. मला स्वतःला हा आजार आहे आणि मी तिन्ही वाटा वापरते. तिन्हींवर माझा विश्वास मात्र सारखा नाही, आणि तो का नाही हेच इथं सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: गहू कशासाठी सोडलाय? पोट हलकं वाटतं, वजन उतरतं, व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलं, अशा कारणानं सोडला असेल तर तुम्हाला हा सगळा खटाटोप लागू नाही. चपाती नको, भात द्या, एवढं म्हटलं की तुमचं काम झालं. भाकरीला चिमूटभर कणीक लागली म्हणून तुमचं काही बिघडत नाही. आणि तपासणी अजून झालेलीच नसेल तर परस्पर गहू सोडू नका. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाण्यात असतानाच नीट उत्तर देतात. आधी सोडला तर चाचणी नितळ येते आणि पुढं आयुष्यभर संशय राहतो.

सिलिॲक असेल तर हिशोब मिलिग्रॅमचा आहे. गहू, सातू (म्हणजे जव) आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे बारीक अंकुर झिजतात, मग रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची उंची थांबते. यावर रोजची अशी गोळी नाही. पथ्य हेच औषध. संशोधनात असं दिसलं आहे की दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांच्या आतड्याला धक्का लागत नाही, आणि रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर काही महिन्यांत इजा दिसू लागते. एका ग्रॅम कणकेत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचा तुकडा दूरच, पोळपाटावर राहिलेली पिठीसुद्धा मोजावी लागते. भाजून, तळून, उकळून ते जात नाही. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानं किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. बाहेर खाताना मी हाच आकडा डोक्यात ठेवते, कारण हॉटेलात तो पाळणारा दुसरा कुणी नसतो.

घरच्या पिठातच पाणी मुरतं

शिदोरी आणि हॉटेल यांची तुलना करण्याआधी शिदोरीचं पीठ तरी निर्धोक आहे का ते बघावं लागतं. कोल्हापूरकराला वाटतं, आपण जोंधळ्याची भाकरी खाणारी माणसं, आपल्याला काय अडचण. निम्मं खरं आहे. शाळू, नाचणी, वरी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ हे सगळं जिल्ह्यात पिकतं किंवा लक्ष्मीपुरीत सहज मिळतं. दिल्ली-पंजाबकडच्या रुग्णाला ताटातली रोटीच सोडावी लागते, आपल्याला फक्त चपाती.

घोळ गिरणीत होतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच चक्कीत तुमची ज्वारी पडते आणि पहिला शेर-दीड शेर पीठ दोघांचं मिळून येतं. काही गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी असते, पण झाडायचा कुंचा एकच आणि हवेत उडणारं पीठ सगळ्या डब्यांवर बसतं. म्हणून निदान झालेल्या घरानं प्रवासाच्या सामानाआधी घरघंटी घ्यावी, तीही त्या घरात गहू दळायचाच नाही या बोलीवर. ते जमत नसेल तर ज्वारीपेक्षा तांदळावर भर द्यावा. अख्खा तांदूळ निवडता येतो, धुता येतो. दळलेल्या पिठात काय आहे ते डोळ्याला दिसत नाही.

दुसरी फट मसाल्याच्या डब्यात. बाजारातला हिंग म्हणजे नुसता हिंगाचा चीक नसतो. मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि खायचा डिंक घालून तो वापरण्याजोगा केलेला असतो. कुठलं पीठ, ते डबीवर लिहिलेलं असतं. उन्हाळ्यात डंकावर कांदा-लसूण मसाला कांडून आणताना त्यात हिंग पडतो, आणि तोच मसाला वर्षभर प्रत्येक रश्शात जातो. मी मसाल्यातून हिंग वगळलाच. चवीत फरक पडला हे खरं, पण सासूबाईंशिवाय कुणाच्या लक्षात आला नाही. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत असतो, सातूच्या पिठात तर असतोच. आजारपणात ‘हलकं’ म्हणून हीच तीन पिठं प्रेमानं पुढं केली जातात.

शिदोरी

घरून नेलेल्या अन्नाचा मोठा फायदा म्हणजे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. एसटी कुठं थांबेल ते आपल्या हातात नसतं, थांबल्यावर समोर वडा-समोसा आणि मिसळ असते, आणि आपल्या मिसळीला ब्रेड. भूक लागलेली असताना माणूस स्वतःशीच तडजोडी करायला लागतो. पिशवीत डबा असला की ती वेळ येत नाही.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचं तर शिदोरीशिवाय दुसरा विचारच करू नका. रात्रीची गाडी, एक जेवण आणि सकाळची न्याहारी, एवढ्यात काम भागतं. पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतायचं असेल तरी तेच. हरिप्रियानं तिरुपतीला जाताना मात्र जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. तिथं पहिल्या जेवणाला ओलं आणि नंतरच्याला कोरडं, अशी बांधणी करावी लागते.

ओलं म्हणजे त्या दिवशीचं: भाकरी, सुकी भाजी, दहीभात. दहीभात दुधात कालवून वर जरा दही घातलं की रात्रीपर्यंत आंबत नाही, ही आपल्या आज्यांची युक्ती इथं उपयोगी पडते. उन्हाळ्यात भाताचा भरवसा धरू नका. कोरडं म्हणजे जे चार-सहा दिवस टिकतं: कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, भाजलेले पोहे, चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, गूळ. पातळ लाटलेली आणि तव्यावर वाळवत नेलेली ज्वारीची कडक भाकरी नीट झाली तर महिनाभर राहते. सोलापूरकडची प्रसिद्ध आहे. विकत घेताना एवढंच विचारायचं की त्याच ठिकाणी चपात्या होतात का. जयसिंगपूरचं भडंग प्रवासाला झकास, पण मसाल्यात हिंग कुठला हा प्रश्न तिथंही सुटत नाही. मी घरी चुरमुऱ्यांना लसूण-तिखटाची फोडणी देते आणि त्यावर समाधान मानते.

शिदोरीचं दुखणं तिसऱ्या दिवशी सुरू होतं. कोरडं खाऊन तोंडाला चव राहत नाही, पोट धरतं, आणि बरोबरचे लोक गरम जेवत असताना आपण डबा उघडायचा म्हणजे मोठ्यांनाही जड जातं, मुलांचं तर विचारूच नका. शाळेच्या सहलीला मात्र डबाच द्यावा. तिथं चाळीस पोरांमागं दोन शिक्षक असतात, त्यांच्यावर आपल्या लेकराचं पथ्य टाकणं बरोबर नाही. विमानानं जाणार असाल तर तूप, दही, तेलातलं लोणचं केबिनमध्ये अडवू शकतात. ते मोठ्या बॅगेत टाका.

खोलीवर शिजवणं

दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर माझा कौल याला. एक छोटा राइस कुकर, स्वतःचा तवा, स्वतःची चाळण, एक सुरी, थोडे तांदूळ, मूगडाळ, मसाल्याची डबी. पिशवी जड होते, पण गरम वरणभात मिळाला की प्रवासाचं निम्मं ओझं उतरतं.

तवा आणि चाळण मी मुद्दाम म्हणते. स्टीलचं पातेलं घासून स्वच्छ होतं. चाळणीच्या जाळीत अडकलेलं पीठ, लाकडी पोळपाटाच्या भेगांतली कणीक, ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा यांची खात्री देता येत नाही. दुसऱ्याच्या घरी उतरलात तरी या दोन वस्तू आपल्या असाव्यात.

अडचण जागेची. भक्तनिवासात आणि बऱ्याच लॉजवर खोलीत शिजवायला मनाई असते. इंडक्शन शेगडी बाराशे ते दोन हजार वॅट ओढते, जुन्या लॉजची वायर तेवढं सोसत नाही. छोटा राइस कुकर तीन-पाचशे वॅटमध्ये भागवतो, म्हणून तोच बरा, आणि तोही मालकाला विचारून. रेल्वेच्या डब्यात तर काहीच नाही: शेगडी नाही, आणि मोबाईलच्या सॉकेटला किटली लावायलाही मनाई आहे. आरक्षण करतानाच विचारायचं, “खोलीत भात लावला तर चालेल का?” हा प्रश्न ऐकून फोनवरचा माणूस आधी हसतो. आजार सांगितला की बऱ्याचदा हॉटेलच्याच स्वयंपाकघरात एक शेगडी रिकामी करून देतो. कोकणातल्या घरगुती मुक्कामांत हे सगळ्यात सोपं जातं.

आणि एक गोष्ट पुरुषवाचकांसाठी. खोलीवर शिजवणार कोण, हे निघण्याआधी ठरवा. सुट्टीला जाऊनही घरातल्या एकाच बाईनं कुकर लावायचा असेल तर तिला ही वाट ‘सोयीची’ वाटण्याचं कारण नाही. आमच्याकडं भात लावणं आणि भांडी घासणं ही दोन कामं वाटून घेतलेली आहेत. त्यात सूट फक्त तापाला.

बाहेर खायचं तर

यात सगळ्यात जास्त गंमत आहे आणि सगळ्यात जास्त धोकाही. मी पाटी वाचून हॉटेल निवडत नाही. मी एकच गोष्ट बघते: या भटारखान्यात गहू किती फिरतो? जिथं दिवसभर चपात्या लाटल्या जातात आणि मैद्याचा समोसा तळला जातो, तिथला पदार्थ कागदावर कितीही निर्दोष असला तरी हातावर, कढईत, तव्यावर गहू आहेच.

आपल्या मटणाच्या खानावळीचंच बघा. तांबडा, पांढरा, सुकं, भात. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. गव्हाचा संबंध नाही. सोबत जोंधळ्याची भाकरी. वाटतं, सिलिॲकवाल्यासाठी देवानंच ताट वाढलंय. अशाच एका खानावळीत मी आत डोकावून भाकरी थापणाऱ्या मावशींशी बोलले. परात एकच, तिच्या एका कडेला कणकेचा गोळा झाकून ठेवलेला, दुसऱ्या कडेला त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या.

“मावशी, पिठात काय मिसळलंय का?”

“थोडी कणीक टाकलीया. विरी गेलीया न्हवं पिठाची, थापताना चिरतीया भाकरी.”

“मला गहू अजिबात चालत नाही. आतड्याचा आजार आहे.”

“मग चपाती खाऊ नगा, भाकरीच घ्या की!”

त्यांनी खोटं काहीच सांगितलं नाही, उलट विचारल्याबरोबर सरळ सांगून टाकलं. जुन्या पिठाची विरी गेली की हॉटेलात कणीक मिसळायची ही रीतच आहे. म्हणून खानावळीत मी भाकरी घेत नाही. भात, रस्सा आणि सुकं घेते, तेही मसाला घरी कांडलेला असेल आणि हिंगाची खात्री झाली तर. एका हॉटेलात मटणाचा रस्सा दाटसर करायला मैदा लावलेला निघाला, तेव्हापासून दाट रस्सा दिसला की आधी चौकशी करते.

बाहेर पडल्यावर दिशेनुसार फरक पडतो. कर्नाटकात उतरलात तर उत्तरेकडच्या जिल्ह्यांत ज्वारीची रोटी रोजच्या जेवणात आहे, ती थापणाऱ्या हातांचा सराव दांडगा आणि पीठ ताजं, त्यामुळं कणीक मिसळायची गरज कमी. तरी चपातीचा तवा वेगळा आहे का ते विचारायचं. इडली आणि साधा डोसा तांदूळ-उडदाचा, म्हणून चालतो; रवा इडली, रवा डोसा, उपमा नाही. सांबार मी सोडते, कारण त्यात हिंग असतोच. चटणी चालते, फोडणी बघून. आपल्या इथं दावणगिरी लोणी डोशाच्या गाड्यावरही पिठात रवा-मैदा घातलाय का, एवढं विचारून मगच बसावं. तिरुमलाच्या अन्नप्रसादात भात, सांबार, रसम असतं. तिथं भात-ताक असं जेवून निघता येतं. लाडू बेसनाच्या बुंदीचा आहे, त्यात गहू नाही.

कोकणात तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी. ऐकायला स्वर्ग. तिथं फसवतो तो मासा. तव्यावरचा तुकडा रव्यात घोळवलेला असतो, आणि रवा म्हणजे गहूच. तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तर देतात, पण तवा तोच असेल तर आधी घासून घ्यायला सांगायला लाजू नका. उत्तरेकडं जाल तर तिथल्या शहरांत डॉक्टरांना आणि काही दुकानदारांना हा आजार आपल्याकडच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो, कारण तिकडं रुग्ण जास्त आहेत. पण हॉटेलचं स्वयंपाकघर पूर्ण गव्हाचं, अगदी मक्याच्या रोटीलासुद्धा हाताला कणीक लागलेली. तिथं माझा भर खोलीवरच्या कुकरवर. चायनीजच्या गाड्यांबद्दल लिहायचीही गरज नाही; सोया सॉसमध्येच गहू असतो.

या सगळ्यात मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा मार्ग आपल्याच रीतीभातीत आहे: “उपवासाचं काय आहे?” असं विचारायचं. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिरा. गव्हाला उपवासात जागा नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उपवासाची भांडी, झारा, कढई पुष्कळ ठिकाणी वेगळी ठेवलेली असतात, कारण खरकटं लागलेलं उपवासाला चालत नाही. डॉक्टर ज्याला स्वयंपाकघरातला संसर्ग टाळणं म्हणतात ते काम इथं शेकडो वर्षं सोवळ्याच्या नावानं चाललंय. आजार सांगितला तर “थोडंसं चालतंय की” म्हणणारा माणूस उपवास म्हटल्यावर चमचासुद्धा बदलतो. मी खोटं बोलत नाही, आज कुठला उपवास ते कुणी विचारत नाही एवढंच. एकादशी, सोमवार, नवरात्र असेल तर निवडीला भरपूर. बाकीच्या दिवशी खिचडी तरी मिळतेच.

याची मर्यादाही सांगते. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट; चार दिवस त्यावर काढले तर पोट बसतं आणि साखर असणाऱ्यांची साखर वर जाते. साबुदाणा वडा समोशाच्या तेलात तळला असेल तर सोवळं संपलं. आणि वरीचं सुटं पीठ कधी घेऊ नका. उपवासाच्या दिवसांत त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, आणि दळणाची शंका आहेच.

शहरातल्या शहरात भूक लागली तर गंगावेशीचा दूध कट्टा आहे. समोर धार काढलेलं दूध, मध्ये कुणाचं पीठ नाही. यापेक्षा सोपं बाहेरचं खाणं मला तरी माहीत नाही. नृसिंहवाडीला गेलात तर बासुंदीही आहे.

पाहुण्यांचं घर आणि प्रसाद

हॉटेलवाला परका असतो, त्याला नाही म्हणता येतं. मावशीकडं, आत्याकडं “एवढ्या लांबनं आलीस आणि पुरणपोळी खाणार न्हाईस?” याला उत्तर नसतं. मी आधी फोन करून सांगते की माझ्यासाठी फक्त भात आणि साधं वरण, फोडणीशिवाय, बाकी मी आणते. ठोस काम दिलं की माणसं खूश असतात. नुसता नकार दिला की दुखावतात. सत्यनारायणाचा शिरा हातावर घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारच्या पोराच्या हातावर द्यायचा. पोरं कधी नाही म्हणत नाहीत. हात मात्र लगेच धुवायचा.

संकटात काय टिकतं

प्रवासाची तुलना इथवर आली तरी निर्णय बदलू शकतो तो पुरामुळं. कोल्हापूरकराच्या पथ्याची खरी कसोटी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर लागते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं पोरांनाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तिथवर चढलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, कितीतरी भागांत वीज नाही आणि नळाला पाणी नाही.

अशा वेळी मदत येते, आणि उदंड येते. या जिल्ह्याचा हात त्याबाबतीत कधी आखडत नाही. येतं काय, तर बिस्किटांचे पुडे, ब्रेड, नूडल्स, गावोगावच्या बायांनी रात्रभर लाटलेल्या चपात्या. पटकन वाटता येणारं, न शिजवता खाता येणारं जवळजवळ सगळं अन्न गव्हाचं असतं. छावणीत मसालेभात असतो, पण त्याच पळीनं भाजी वाढलेली असते आणि रांगेत उभं राहून हिंगाची चौकशी करायची सोय नसते.

हे कोड्यासारखं वाटेल, पण या आजाराचं कारण उमगण्यात एका उपासमारीचाच हात होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात जर्मनांच्या नाकेबंदीमुळं पाव मिळेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना युद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. त्यांच्या देखरेखीखालची सिलिॲकची मुलं त्या टंचाईत सुधारली, आणि मदत म्हणून पाव पुन्हा येऊ लागला तशी ती आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी यावर प्रबंध लिहिला. मदतीचा पाव आपल्यासाठी काय असतो, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

पुरात तीन वाटांपैकी दोन आपोआप बंद होतात. हॉटेल उघडं नसतं, आणि घरघंटी, इंडक्शन, कुकर विजेविना थंड. उरते शिदोरी, तीही अशी की जिला चुलीची गरज नाही आणि पाणी फारसं लागत नाही. म्हणून पावसाळ्यात आमच्याकडं झाकणाचा एक डबा भरलेला असतो. त्यात चुरमुरे, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याच्या वड्या, दूध पावडर, कडक भाकरी, मिठाची पुडी. वेगळ्या पिशवीत अख्खे तांदूळ आणि मूगडाळ, कारण गॅस असला तर त्यासारखं दुसरं काही नाही. माणशी पाच दिवसांचं धरते. सरकारी मदतीत गव्हाबरोबर तांदूळही येतो, तेव्हा शेजाऱ्याशी अदलाबदल करता येते. आपला गहू कुणालाही हवाच असतो. बंधाऱ्याचा आकडा इशाऱ्याकडं सरकला की डबा माळ्यावर नाही, दाराजवळ येतो.

घरात पथ्याचं माणूस एकच असेल तर डब्यावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. भुकेच्या वेळी सगळ्यांचे हात त्यात जातात, आणि बाकीच्यांना चपाती चालते हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वेगळीच तऱ्हा. रुग्णाला हलकं म्हणून रव्याची लापशी, दलिया, टोस्ट. भेटायला येणारे बिस्किटं आणि माल्टची पावडर आणतात. माल्ट म्हणजे सातू, तोही वर्ज्य. तिथंही घरचा डबाच, आणि नाचणीचं सत्त्व घरी केलेलं. खाटेच्या उशाशी कागद चिकटवावा, नर्सची पाळी बदलते म्हणून. गोळ्यांमध्ये भरायला वापरलेलं पिष्ट बहुतेक वेळा मक्याचं असतं, तरी औषधवाल्याला एकदा विचारावं.

मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्या वेळी कुणाला पथ्याचं सांगवत नाही. मी दूध-केळी खाते आणि गप्प बसते.

तर कुणी काय निवडावं

निदान नवं असेल, आतडं अजून भरून यायचं असेल, तर पहिलं वर्षभर शिदोरी आणि खोलीवरची चूल, एवढंच. बाहेर फक्त दूध, फळं, नारळपाणी, उकडलेली अंडी. लहान मूल असेल तरीही तेच. ज्यांच्या प्रतिपिंडांची पातळी खाली आलीय आणि ज्यांना कामासाठी आठवड्याला फिरावं लागतं, त्यांनी ठरलेल्या मार्गावर दोन-तीन ठिकाणं पक्की करावीत, मालकाशी ओळख ठेवावी आणि नवीन जागा भुकेल्या पोटी शोधू नये. काहींना गहू गेला तरी लगेच त्रास होत नाही. त्यांनी जास्त जपायला हवं, कारण त्यांना शरीर बजावत नाही आणि आतडं मात्र आत झिजत राहतं. वर्षातून एकदा रक्ततपासणी केली की बाहेरचं खाणं खरोखर जमतंय की नुसतं वाटतंय, ते कळतं.

चौथी गोष्ट तिन्ही वाटांवर लागते, ती म्हणजे चिठ्ठी. मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरात: ‘मला आतड्याचा आजार आहे. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, सोया सॉस आणि गव्हाचं पीठ घातलेला हिंग चालत नाही. भात, ज्वारी, नाचणी, डाळ, दूध, अंडी, मटण चालतं. कृपया स्वच्छ धुतलेल्या भांड्यात करा.’ ‘ग्लुटेन’ हा शब्द त्यात घालू नका, तो आचाऱ्याच्या उपयोगाचा नाही. काय चालतं ते मात्र नक्की लिहा. नुसती नकारांची यादी बघून आचारी हात वर करतो. आणि चिठ्ठी गल्ल्यावर देऊन बसू नका. ती आत तव्यापर्यंत जाऊ द्या, जमलं तर तिच्याबरोबर तुम्हीही जा.